वाहत्या विहिरीवरची दुरुस्ती

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधू, पैनगंगा, पूर्णा या त्याच्या नद्यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यातून पूर्वेच्या उपसागराला जाऊन मिळते. पश्चिमेच्या अरबी समुद्राशी या जिल्ह्याचे नाते मृगाच्या ढगांपुरतेच, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. वसमतच्या हळदीला, कपाशीला आणि उसाला जो युरिया पडतो, त्याचा जन्म नैसर्गिक वायूतून होतो. वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांच्या संयोगातून अमोनिया, आणि अमोनिया व कर्बवायू यांच्या संयोगातून युरिया, अशी ही साखळी आहे. अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर. त्याची 'उज्ज्वला' युरियाची गोणी मराठवाड्याच्या बैलगाडीवर आणि पुढे टेम्पोवर अनेक वर्षे दिसत आली. २०२२ पासून सर्व कंपन्यांच्या गोणीवर 'भारत' हे एकच नाव आले, पण आतल्या दाण्यांचे मूळ काही बदलले नाही. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचीही कथा अशीच. देशाला लागणाऱ्या एलपीजीचा मोठा भाग आज आयात होतो, आणि देशात जो तयार होतो त्यातला काही उरणच्या प्रकल्पात समुद्रातून आलेल्या वायूपासून वेगळा काढला जातो.

म्हणून मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, पाऊणशे मीटर खोल पाण्यात उभ्या असलेल्या एखाद्या विहिरीचा व्हॉल्व्ह गळू लागला, तर तो विषय केवळ तेल महामंडळाच्या अभियंत्यांचा राहत नाही. त्या गळतीचे काय करायचे, विहीर बंद करून दुरुस्ती करायची की वायू वाहता ठेवून, आणि हा निर्णय कोणी घ्यायचा, हे प्रश्न शेतकऱ्याच्या गोणीशी जितके जोडलेले आहेत, तितकेच त्या मंचावर चौदा-चौदा दिवस घर सोडून राहणाऱ्या माणसांच्या प्राणांशीही जोडलेले आहेत.

'सागर सम्राट' या फिरत्या मंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायवर तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या काळी देशाला या घटनेचा केवढा अभिमान वाटला होता, याची साक्ष एक रुपयाच्या नोटेवरचे 'सागर सम्राट'चे चित्र आजही देते. त्याच १९७६ साली वसईच्या समुद्रात वायूचा मोठा साठा सापडला आणि पुढे तो समुद्राखालच्या नळाने गुजरातेतील हजिऱ्याला आणला गेला. तेथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर या वाहिनीने उत्तर भारतातील खत कारखाने उभे केले. ही सर्व उभारणी आता प्रौढ झाली आहे. मुंबई हायचे उत्पादन पन्नाशीच्या घरात आले आहे आणि त्यातील कितीतरी विहिरी त्यांची देखभाल करणाऱ्या तरुण अभियंत्यांहून वयाने मोठ्या आहेत. खारी हवा, वाळू, पाणी आणि वसईच्या वायूत असणारा गंधकयुक्त विषारी हायड्रोजन सल्फाइड यांच्या माऱ्यात लोखंड झिजते, रबरी बैठका कडक होतात आणि झडपा गळू लागतात. यात कोणाचा दोष असतोच असे नाही. दोष सुरू होतो तो गळती दिसल्यानंतर.

वायूची विहीर म्हणजे शेतातली बांधीव विहीर नव्हे. एकात एक घातलेल्या पोलादी नळ्यांची ती माळ असते. बाहेरच्या नळ्या जमिनीला धरून ठेवतात आणि सर्वांत आतल्या नळीतून वायू वर येतो. या दोहोंमध्ये जी कंकणाकृती पोकळी राहते, तिच्यात वायू शिरू नये अशी अपेक्षा असते आणि शिरला तर तो कळावा म्हणून तिच्या तोंडालाही व्हॉल्व्ह असतात. मंचावर विहिरीच्या माथ्यावर व्हॉल्व्हची एक उतरंड उभी असते. खाली दोन मुख्य व्हॉल्व्ह, बाजूला वायू बाहेर नेणारा व्हॉल्व्ह आणि अगदी वर, विहिरीत हत्यारे उतरवण्यासाठीचा. या उतरंडीला जगभर 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. नाव परक्या सणाचे असले तरी उरणच्या मराठी फिटरच्या तोंडी तेच बसले आहे आणि त्याला प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा ती उतरंड देशात घडवणे अधिक मोलाचे. तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने ते करूनही दाखवले आहे.

या सर्वांहून महत्त्वाचा व्हॉल्व्ह मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो समुद्रतळाच्याही खाली, आतल्या नळीतच बसवलेला असतो. वरून एका बारीक नळीने तेलाचा दाब दिला की तो उघडा राहतो. दाब गेला, मग तो माणसाने सोडला असो वा वरचा मंचच आगीत कोसळला असो, आतली स्प्रिंग त्याला आपोआप मिटवते. वर सर्वनाश झाला तरी विहिरीचे तोंड आतून बंद व्हावे, एवढ्याचसाठी तो तेथे असतो. ठरावीक काळाने त्याची परीक्षा घेतात. तो मिटवतात आणि वरच्या नळीतला दाब किती वेगाने चढतो ते मोजतात. सर्वत्र मानल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकानुसार मिनिटाला १५ घनफुटांपर्यंतची गळती चालवून घेतली जाते. त्यापुढे व्हॉल्व्ह नापास. म्हणजे थोडी गळती गृहीतच धरलेली आहे. किती गळतीला घाबरायचे, हे आकड्याने ठरवलेले असणे हीच या धंद्यातील पहिली शिस्त होय.

आता प्रश्न असा की, नापास व्हॉल्व्ह बदलायचा तर विहीर बंद करून का बदलू नये? सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरचे गेट गळू लागले तर पाटबंधारे खाते आवर्तन संपण्याची वाट पाहते. कालवा कोरडा पडला की गेट उतरवून त्याचे रबर बदलते. वसमतच्या शेतकऱ्याला हे ठाऊक आहे, आणि ऐन आवर्तनात कालवा बंद केला तर काय होते हेही ठाऊक आहे. पण कालवा बंद केला तरी धरणातले पाणी धरणातच राहते आणि पुन्हा गेट उघडले की ते वाहू लागते. जुन्या वायुविहिरीचे तसे नाही. तिला पूर्ण निर्धोक करायची तर तिच्यात जड द्रव भरून वायूला खाली दाबून धरावे लागते. तेलक्षेत्रात याला विहीर 'किल' करणे म्हणतात, आणि हा शब्द कधी कधी अक्षरशः खरा ठरतो. उतारवयातल्या विहिरीचा दाब आधीच घटलेला असतो. ओतलेला द्रव खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो, ती बुजवतो आणि मग काम संपल्यावर विहीर उठतच नाही. काही तासांच्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे वायू देऊ शकणारी विहीर गमावण्याची ही जोखीम असते. शिवाय द्रव भरायचा, नळी काढायची, तर मंचाशेजारी मोठी रिग आणून उभी करावी लागते. तिचे भाडे आणि पावसाळ्याचे चार महिने यांचा हिशेब वेगळाच.

यातूनच वाहत्या विहिरीवर दुरुस्ती करण्याची विद्या जन्माला आली, आणि ती खरोखरच विद्या आहे. पहिला उपचार अगदी साधा. व्हॉल्व्हच्या अंगावर एक लहानसे तोंड असते. त्यातून हातपंपाने ठरावीक प्रतीचे ग्रीस आत दाबतात. सुकलेल्या बैठकीला ओलावा मिळतो आणि अनेकदा गळती तेवढ्यानेच थांबते. नाही थांबली तर अधिक घट्ट, तंतुमय भरण आत घालतात. हे करताना विहीर पूर्ण दाबाने वाहत असते. मात्र ही मलमपट्टी आहे, हे चांगला फिटर कधी विसरत नाही. तिच्यावर महिनोन्महिने काढणारा मंच हा पुढच्या अपघाताची पूर्वतयारी करत असतो.

दुसरा उपचार पाहणाऱ्याला अचंबित करील असा आहे. विहिरीच्या बाजूच्या तोंडावरचा, म्हणजे त्या कंकणाकृती पोकळीचा व्हॉल्व्ह बदलायचा असतो आणि मागे वायूचा दाब असतो. त्या तोंडाच्या आत, व्हॉल्व्हच्याही पलीकडे, विहिरीच्या पोलादातच आटे पाडलेले असतात. व्हॉल्व्हच्या बाहेरच्या अंगाला एक लांब, दाब सोसणारी नळी जोडतात. तिच्यात दांड्याच्या टोकाला एक पोलादी बूच असते. दोन्हीकडचा दाब सारखा करून व्हॉल्व्ह उघडतात, दांडा हळूहळू व्हॉल्व्हच्या पोटातून आत सरकवतात आणि ते बूच आतल्या आट्यांवर फिरवून घट्ट बसवतात. मग बाहेरचा दाब सोडून देतात आणि थांबतात. हे थांबणे फार महत्त्वाचे. दाबमापकाचा काटा पुन्हा वर चढतो का, हे पाहत राहायचे. काटा शून्यावर स्थिर राहिला तरच जुना व्हॉल्व्ह काढायचा, नवा बसवायचा, तपासायचा आणि आल्या वाटेने बूच परत घ्यायचे. या सगळ्या वेळात आतल्या नळीतून वायू हजिऱ्याच्या किंवा उरणच्या दिशेने वाहतच असतो.

खोलवरच्या सुरक्षा-व्हॉल्व्हसाठी आणखी निराळ्या युक्त्या आहेत. तारेवर बांधून त्या व्हॉल्व्हच्याच पोटात दुसरा लहान व्हॉल्व्ह नेऊन बसवता येतो. वाट थोडी अरुंद होते, वायू थोडा कमी मिळतो, पण विहीर वाचते. दाब पोचवणारी बारीक नळीच गळत असेल तर तिच्यात एक विशिष्ट द्रव सोडतात. तो एरवी पातळच राहतो. जेथे बारीक फटीतून दाब एकदम कोसळतो, त्या जागीच तो घट्ट होतो, जखमेवर रक्ताची खपली धरावी तसा. उरलेला द्रव नळीत पातळच राहून आपले नेहमीचे काम करतो. शेकडो फूट खाली, मानवी हात कधीही पोचणार नाही अशा जागी हे घडते.

'उत्पादन न थांबवता' या शब्दांचा नेमका अर्थही येथे सांगायला हवा. उतरंडीतला तळचा मुख्य व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर ती एक विहीर काही काळ मिटवावीच लागते. खालचा सुरक्षा-व्हॉल्व्ह आणि नळीच्या माथ्यावर बसवलेले बूच असे दोन अडसर लावल्यावरच वरचे पोलाद उघडे करायचे, हा नियम आहे. तिच्यात जड द्रव भरावा लागत नाही आणि मंचावरच्या बाकीच्या विहिरी चालू राहतात, एवढाच 'न थांबवता' याचा तेथे अर्थ. जुन्या वाड्याच्या दरवाजाला दोन अडसर असत. एक मोडला तरी दुसऱ्याने घर राखावे. सागरी विहिरीची सारी सुरक्षितता या एका कल्पनेवर उभी आहे. एक अडसर गळत असताना दुसऱ्याची खात्री न करता तिसरे काम हाती घेणे, हे तेथील महापाप.

हे ज्ञान भारतात नाही, असे नाही. पनवेल येथे तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञानाची आणि सागरी अभियांत्रिकीची अशा ओएनजीसीच्या दोन संस्था आहेत. देहरादूनला वेधन तंत्रज्ञानाची संस्था आहे. गोव्यात बेतूल येथे सुरक्षिततेचे प्रशिक्षण दिले जाते. माझगाव डॉकने मुंबईच्या गोदीत विहिरींचे मंच बांधून समुद्रात उभे केले आहेत. तरीही दाबाखालच्या दुरुस्तीची अनेक खास साधने, ते खपलीसारखे द्रव आणि ती वापरणारे तज्ज्ञ यांसाठी जगातल्या मोजक्या परदेशी सेवा कंपन्यांकडे पाहावे लागते. २०२५ मध्ये तर मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीस तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवडले. हा निर्णय सरसकट निषेधार्ह ठरवण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे विद्या आहे त्याच्याकडून ती घ्यावी, मग तो कोणीही असो. १९६० च्या दशकात याच समुद्रतळाच्या सर्वेक्षणासाठी सोव्हिएत शास्त्रज्ञांचे साहाय्य घेतलेच होते. मात्र पन्नास वर्षे आपल्या ताब्यात असलेल्या क्षेत्रासाठी पुन्हा शिकवणी लावावी लागत असेल, तर या वेळी तरी ती शिकवणी वहीत उतरली पाहिजे. करार संपल्यानंतर किती भारतीय चमू परदेशी माणूस शेजारी उभा नसताना वाहत्या विहिरीवरचा व्हॉल्व्ह बदलू शकतात, ही त्या कराराच्या यशाची खरी मोजणी ठरेल. उत्पादन वाढीच्या टक्केवारीबरोबर हा आकडाही संसदेपुढे यावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. ही विद्या जितकी मोलाची, तितकाच तिचा मोह घातक. काम चालू ठेवूनही दुरुस्ती होते, हे एकदा हिशेबाच्या टेबलावर कळले की 'थांबा' हा शब्द हळूहळू महाग वाटू लागतो.

६ जुलै १९८८ ची रात्र तेलक्षेत्रातील प्रत्येक माणसाला शिकवली जाते, पण ती सर्वसामान्य वाचकालाही ठाऊक असायला हवी. स्कॉटलंडच्या ईशान्येस उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' नावाचा मंच होता. मोठी डागडुजी चालू असतानाही त्यावरचे उत्पादन चालू ठेवण्याचा निर्णय झालेला होता. द्रवरूप वायू ढकलणारे दोन पंप होते. त्यांतला एक देखभालीसाठी बंद केला होता आणि त्याचा सुरक्षा-व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढलेला होता. सायंकाळपर्यंत काम उरकले नाही, म्हणून त्या जागी एक पोलादी चकती तात्पुरती बसवण्यात आली. पंपाच्या देखभालीचे वर्क परमिट एक आणि व्हॉल्व्ह काढल्याचे दुसरे, असे दोन कागद होते. पाळी बदलली. रात्री पावणेदहाच्या सुमारास चालू पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांना पंपाचा कागद मिळाला, व्हॉल्व्हचा मिळाला नाही. उत्पादन थांबू नये म्हणून त्यांनी तो पंप सुरू केला. सैल चकतीतून वायू फुटला आणि दहाच्या ठोक्याला पहिला स्फोट झाला. शेजारचे दोन मंच त्या ज्वाळा दिसत असतानाही पायपरच्या दिशेने तेल ढकलतच राहिले, कारण थांबण्याचा निर्णय आपल्या हाती आहे असे तेथील माणसांना वाटत नव्हते. १६७ जण मेले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि सागरी सुरक्षिततेची जगभरची घडी त्यानंतर बदलली.

एक व्हॉल्व्ह, एक न सापडलेला कागद आणि 'थांबू नये' ही एक मनोवृत्ती. या तिघांपैकी पहिले दोन यंत्रांनी आणि संगणकांनी सावरता येतात. तिसऱ्यावर यंत्र नाही.

भारतानेही आपली किंमत मोजली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुराने मुंबई ठप्प झाली होती. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, खवळलेल्या समुद्रात 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय उत्तर या मंचाजवळ आले. जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटे कापली होती आणि त्याला मंचावर चढवायचे होते. जहाज मंचावर आदळले, वायूचा उभा नळ फुटला आणि सुमारे दोन तासांत तो सबंध मंच समुद्रात कोसळला. त्या ठिकाणी असलेल्या ३८४ जणांपैकी ३६२ वाचले, २२ जण गेले. आपत्कालीन व्हॉल्व्ह तेथे होते. पण काही नळ १२ किलोमीटरपर्यंत लांब होते, आणि फुटल्या तोंडातून त्या साऱ्या लांबीत साठलेला वायू येतच राहिला. व्हॉल्व्ह असणे आणि तो योग्य जागी असणे यांतला फरक किती जीवघेणा असतो, हे त्या दिवशी दिसले. पुढे २००८ मध्ये सागरी कामकाजातील सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने केले आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे त्यांची अंमलबजावणी आली. नियम यायला अपघात व्हावा लागला, ही आपल्याकडची जुनीच रीत.

नियम आले, मनोवृत्ती बदलली का? १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा कामगारांचा निवासी बार्ज मुंबईच्या समुद्रात बुडाला. त्या बार्जवरचे आणि 'वरप्रदा' या टगवरचे मिळून ८६ जण मृत्युमुखी पडले. वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळालेला होता. नौदलाने जिवावर उदार होऊन शेकडोंना वाचवले, हे अभिमानाने सांगितलेच पाहिजे. परंतु इशारा मिळाल्यावर काम कधी गुंडाळायचे आणि बार्ज बंदरात कधी न्यायचा, हा प्रश्न तेथेही होताच. बुडालेल्यांत बहुसंख्य कंत्राटी कामगार होते: वेल्डर, फिटर, रंगारी, मदतनीस. एखाद्या कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराच्या हजेरीवर असलेला तिशीतला फिटर 'हे काम आज करू नये' असे म्हणू शकतो काय? त्याच्या हजेरीचे काय होईल, दुसऱ्या खेपेला त्याला बोलावणे येईल काय?

हीच या विषयाची खरी गाठ आहे. वाहत्या विहिरीवर दुरुस्ती करावी की नाही, याचे उत्तर सरसकट 'करावी' किंवा 'करू नये' असे देता येत नाही. दोन अडसर शाबूत असतील, चमू शिकलेला असेल, साधन तपासलेले असेल आणि हवामान साथ देत असेल तर ती अवश्य करावी. राष्ट्राची संपत्ती वाचवणारे ते काम आहे. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा आज जहाजांनी परदेशातून येतो, आणि २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धाने त्याचे भाव कसे भडकले हे सर्वांनी पाहिले. त्या भडक्याचा भार खताच्या अनुदानापोटी सरकारी तिजोरीने सोसला, म्हणजे पर्यायाने करदात्यानेच सोसला. म्हणून एकेक देशी विहीर जपलीच पाहिजे. पण यांपैकी एकही अट अपुरी असेल तर थांबण्याचा अधिकार प्रत्यक्ष दाबमापकासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे असला पाहिजे, मुंबईतल्या किंवा दिल्लीतल्या कार्यालयाकडे नव्हे. आणि तो अधिकार कंत्राटी फिटरलाही असला पाहिजे. काम थांबवल्याबद्दल त्याची खेप जाणार नाही, उलट त्याची नोंद होईल, असे कंत्राटाच्या मसुद्यातच लिहिलेले असावे. 'कोणीही काम थांबवू शकतो' असे फलक सागरी मंचांवर असतात. फलकामागे वेतनाची हमी नसेल तर तो भिंतीची शोभा होऊन राहतो. कामगार संघटनांनी वेतनवाढीच्या मागण्यांबरोबर हे कलमही मागणीपत्रात घालावे.

दुरुस्तीच्या नोंदी हा दुसरा मुद्दा. कोणत्या विहिरीचा कोणता व्हॉल्व्ह ग्रीसच्या भरवशावर किती महिने चालला आहे, याची यादी जगाच्या पाठीवर प्रत्येक जबाबदार कंपनी ठेवते. ती सुरक्षा संचालनालयापुढे ठराविक काळाने जावी आणि ठरलेली मुदत संपली की विहिरीला आपोआप कुलूप लागावे. कोणा अधिकाऱ्याच्या सहीने मुदत वाढू नये. गळणारा मिथेन हवेची उष्णता कर्बवायूच्या कितीतरी पटींनी वाढवतो, हे कारणही आता जोडीला आहे. पण त्याची गरजच काय? पायपरचे १६७ पुरेसे आहेत.

राहता राहिला हिंगोलीचा प्रश्न. या जिल्ह्यात तालुक्यातालुक्यांतून आयटीआय आहेत. तेथून फिटर, वेल्डर, यंत्रकारागीर होऊन बाहेर पडणारा मुलगा पुण्याच्या वा छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्याची वाट धरतो, आणि कोणी एखादा मुंबईच्या कंत्राटदारामार्फत समुद्रावरही जातो. दाबाखालच्या व्हॉल्व्हचे काम त्याला तेथे गेल्यावर, दुसऱ्याचे पाहून शिकावे लागते. वास्तविक हे शिक्षण किनाऱ्यावर, कोरड्या जमिनीवर, पाण्याचा दाब भरलेल्या नमुना-उतरंडीवर देता येते. त्याला समुद्र लागत नाही. एक शेड, एक चाचणी पंप, वापरातून काढलेले चार व्हॉल्व्ह आणि एक निवृत्त, अनुभवी सागरी तंत्रज्ञ एवढे पुरेसे आहे.

आणि हिंगोलीला अशा शिक्षणाची स्वतःचीच गरज पडणार आहे. औंढा तालुक्यात, नागनाथाच्या ज्योतिर्लिंगापासून फार दूर नसलेल्या दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यांत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी, असे तिचे स्वरूप. आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख-कोटीव्या भागाइतका खाली ठेवायचा असतो. समुद्रातल्या विहिरीत आतला वायू बाहेर पडू पाहतो. येथे बाहेरची हवा आत शिरू पाहील. शत्रू मात्र तोच, सुईच्या टोकाहून बारीक फट. एका कक्षातला आरसा दुरुस्त करायचा तर सगळी नळी हवेने भरू देणे परवडत नाही. म्हणून मधले प्रचंड सरक-व्हॉल्व्ह मिटवून तेवढाच कक्ष उघडतात, काम करतात आणि पुन्हा निर्वात करतात. बाकीची पोकळी या काळात शाबूत राहते. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत हे वर्षानुवर्षे चालू आहे. ते व्हॉल्व्ह सांभाळणारी, गळती शोधणारी माणसे औंढ्याला लागतील, आणि ती एका दिवसात तयार होत नाहीत. वेधशाळेच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपऱ्या आणि आत परप्रांतांतून आलेले तंत्रज्ञ, असे चित्र नको असेल, तर हिंगोली आणि औंढा परिसरातल्या आयटीआयमध्ये व्हॉल्व्ह व गळतीशोधनाचा वर्ग वेधशाळा पूर्ण होण्याआधीच सुरू व्हायला हवा. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या आराखड्यात त्यासाठी तरतूद व्हावी. वर्गाचा अभ्यासक्रम पनवेलच्या संस्थांकडून तयार करून घेता येईल आणि त्यातला पहिला तास काम कधी थांबवायचे यावर असावा.